व्यापारी वारे, विषुववृत्तीय न्यूनदाब आणि अंबरनाथचा श्रावण

ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ येथील शिवमंदिर वालधुनी नदीच्या काठी उभे आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातील हे भूमिज शैलीचे देवालय शिल्पसमृद्धीबद्दल विख्यात असून त्या शिल्पांविषयी विपुल लेखन झालेले आहे. प्रस्तुत विवेचनाचा रोख शिल्पांकडे नाही. मंदिराशी निगडित असलेल्या दोन निराळ्या गोष्टींकडे आहे. पहिली गोष्ट तेथील शिलालेखाची. मुम्मुणि ऊर्फ माम्वाणि या शिलाहार राजाच्या कारकीर्दीतील या लेखाचा शकांक प्रारंभीच्या वाचनात ७८२ असा घेतला गेला होता. पुढे तो ९८२, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमाराचा, असे निश्चित झाले. तिथी श्रावण शुद्ध नवमी अशी वाचली गेली आहे. दुसरी गोष्ट वास्तूची. मंडपातून सुमारे वीस पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावे लागते आणि वरचे शिखर अपुरे राहिल्याने तेथून थेट आकाश दिसते. ‘अंबर’ म्हणजे आकाश या अर्थाशी लोक देवाच्या नावाची जी सांगड घालतात, तिला या उघड्या माथ्याने बळ दिले असल्यास नवल नाही.

श्रावणात या गाभाऱ्यावर जो पाऊस पडतो तो कोठून येतो, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. शालेय पुस्तकांतून त्याचे जे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले ते अपुरे आहे. आणि लोकपरंपरेने पावसाचे जे वेळापत्रक जपले आहे ते समजले जाते तितके प्राचीन असू शकत नाही. या दोन विधानांची छाननी एकत्रच करावयास हवी, कारण दोहोंच्या मुळाशी विषुववृत्तालगतच्या न्यूनदाबाचा पट्टा आणि त्याकडे धावणारे वारे हेच आहेत.

आरंभ शब्दापासून करणे इष्ट. ‘व्यापारी वारे’ हा मराठी शब्द इंग्रजीतील ‘ट्रेड विंड्‌स’ या शब्दाचे भाषांतर आहे, आणि ते भाषांतर एका गैरसमजाचे अपत्य आहे. ‘ट्रेड’ या शब्दाचा जुना अर्थ मार्ग, मळलेली वाट असा होता. मध्यकालीन नीच जर्मन भाषेतून तो इंग्रजीत आला आणि ‘पाऊल टाकणे’ या अर्थाच्या इंग्रजी धातूशी त्याचे नाते आहे. वारा ‘ट्रेड’ वाहतो असे सोळाव्या शतकातील खलाशी म्हणत, तेव्हा त्यांना इतकेच म्हणावयाचे असे की तो एकाच वाटेने, दिशा न बदलता वाहतो. उदीम या अर्थी तो शब्द रूढ झाल्यावर वाऱ्यांच्या नावालाही तोच अर्थ चिकटला. मराठी भाषांतरकारांच्या हाती शब्द आला तो असा अर्थांतर झालेला. अलीकडे पाठ्यपुस्तकांतून ‘पूर्वीय वारे’ हा पर्याय वापरला जातो. तो दिशेला धरून असल्याने अधिक निर्दोष होय. गंमत अशी की भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा खराखुरा व्यापार ज्या वाऱ्यांवर चालला, त्यांना मराठीने व्यापारी म्हटले नाही. त्यांना मिळालेले ‘मोसमी’ हे नाव अरबी ‘मौसिम’ म्हणजे नियतकाल या शब्दावरून आले. तोच अरबी शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून ‘मोंसाँव’ होऊन इंग्रजीत ‘मान्सून’ झाला आणि मराठीत दुसऱ्यांदा, वेगळ्या वेषात, परतला. आंब्याचा मोसम आणि मान्सून हे शब्द एकाच घरचे आहेत, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसते.

आता वाऱ्यांच्या घडणीकडे वळू. विषुववृत्तालगत सूर्याची उष्णता सर्वाधिक मिळते. तेथील आर्द्र हवा तापून, हलकी होऊन वर जाते आणि पृष्ठभागी दाब उणावतो. वर गेलेली हवा दोन्ही गोलार्धांत सुमारे ३० अंश अक्षांशापर्यंत जाऊन खाली उतरते आणि तेथून पृष्ठभागावरून पुन्हा विषुववृत्ताकडे निघते. पृथ्वी स्थिर असती तर हे वारे सरळ उत्तरेकडून व दक्षिणेकडून आले असते. परंतु विषुववृत्तावरील भूपृष्ठ ताशी सुमारे १६७० किलोमीटर वेगाने पूर्वेस फिरते, तर ३० अंशांवरील भूपृष्ठ ताशी साडेचौदाशेच्या आत. कमी वेगाच्या प्रदेशातून आलेली हवा म्हणून मागे, म्हणजे पश्चिमेकडे, पडते. उत्तर गोलार्धात वारे ईशान्येकडून व दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून येतात ते यामुळे. ते जेथे मिळतात तेथे वारा मंद, दाब कमी, मेघ उंच आणि वृष्टी विपुल असते. शिडांच्या काळातील खलाशांना धास्ती वाटे ती याच निवांत पट्ट्याची.

या उपपत्तीचा इतिहास सांगण्यासारखा आहे. एडमंड हॅली या ज्योतिर्विदाने १६८६ मध्ये उष्ण कटिबंधातील वाऱ्यांचा वृत्तांत नकाशासह प्रसिद्ध केला. हवा तापून वर जाते व तिची जागा घेण्यास भोवतालची हवा येते, हे त्याने ओळखले. पण वारे पूर्वेकडून का येतात याचे कारण त्याने सूर्याच्या पश्चिमाभिमुख दैनिक गतीत शोधले, आणि तेथे तो चुकला. पृथ्वीच्या परिवलनाचा संबंध जॉर्ज हॅडली याने १७३५ मध्ये दाखविला. हॅडली व्यवसायाने वकील होता. त्याच्या हिशेबातही दोष होता, कारण परिवलनाचा परिणाम त्याने धरला त्याहून अधिक असतो. ती दुरुस्ती एकोणिसाव्या शतकात कोरिओलिस व फेरेल यांच्या कार्यामुळे झाली. मोसमी वाऱ्यांविषयीचे हॅलीचे मत मात्र फार काळ अबाधित राहिले. उन्हाळ्यात आशियाची भूमी तापते, समुद्र तुलनेने थंड राहतो, म्हणून वारा समुद्राकडून भूमीकडे येतो, असे ते मत. थोडक्यात, मान्सून म्हणजे प्रचंड प्रमाणावरचे खारे वारे. मराठीतील बहुतेक भूगोलग्रंथांनी हेच सांगितले आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी हेच शिकविले जाते.

या मतातील अडचण जॉर्ज सिम्प्सन याने १९२१ मध्ये नेमकी मांडली होती. भारतीय भूमी सर्वांत अधिक तापते ती मे महिन्यात. पण त्या वेळी मान्सून नसतो. जुलैत पाऊस भरात असतो तेव्हा भूमी निवालेली असते. त्याच जुलैत पावसाने उघडीप दिली तर भूमी पुन्हा तापते. परंतु त्या तापण्याने पाऊस वाढत नाही, तो ओसरलेला असतो म्हणूनच ती तापते. अवर्षणाच्या वर्षी भूमी सुकाळाच्या वर्षापेक्षा अधिक तप्त असते. कार्य आणि कारण यांची येथे अदलाबदल झालेली आहे. १९८० मध्ये दे. रा. सिक्का आणि पुण्यात जन्मलेल्या शास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांनी उपग्रहांच्या चित्रांवरून भारताच्या रेखांशांतील मेघपट्ट्याचा दैनंदिन माग काढला. भारतभूमीवरील पावसाचा पट्टा आणि विषुववृत्तालगतचा न्यूनदाबाचा मेघपट्टा यांत प्रकृतिभेद नाही, असे त्यांना आढळले. समुद्रावरचा पट्टाच ऋतुमानाने उत्तरेकडे सरकतो आणि गंगेच्या मैदानावर मान्सूनची द्रोणी होऊन बसतो. तो दुर्बळ झाला की समुद्रावर नव्याने उपजलेला पट्टा उत्तरेकडे येऊन त्याला सावरतो. अंबरनाथच्या गाभाऱ्यात पडणारा पाऊस हा अशा रीतीने स्थानांतर केलेल्या विषुववृत्ताचाच पाऊस होय.

नैर्ऋत्येच्या वाऱ्याचे कूळही यावरून कळते. न्यूनदाबाचा पट्टा उत्तर भारतावर आला की दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्तावर थांबत नाहीत. ते पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत विषुववृत्त ओलांडतात, उत्तर गोलार्धात शिरताच उजवीकडे वळतात आणि अरबी समुद्रावरून नैर्ऋत्येचे वारे होऊन कोकणावर येतात. केनियाच्या उच्चभूमीला खेटून वाहणाऱ्या, सुमारे दीड किलोमीटर उंचीवरील त्यांच्या वेगवान झोताचे सविस्तर वर्णन फिंडलेटर याने १९६९ मध्ये केले. तत्पूर्वी १९६६ मध्येच जोसेफ आणि रामन यांनी भारतीय द्वीपकल्पावर त्याचे अस्तित्व दाखविले होते. १९६२ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने या अभ्यासाला गती दिली, आणि त्या मोहिमेचे हवामानकेंद्र मुंबईत कुलाब्यालाच होते. उल्हास नदीच्या खोऱ्यात शिरलेल्या या वाऱ्यांपुढे सह्याद्रीची भिंत उभी असते. हवा उचलली जाते, निवते आणि ओझे उतरविते. घाटमाथा ओलांडल्यावर थोड्याच अंतरात पाऊस झपाट्याने उणावतो.

या वाऱ्यांचा व्यावहारिक उपयोग शास्त्राच्या फार आधी झाला होता. अंबरनाथपासून जवळच असलेले कल्याण हे इ. स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात ‘कल्लिएना’ या नावाने येते, सोपारा ‘सुप्पारा’ म्हणून. कल्याणच्या दात्यांची नावे कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. ईजिप्तहून येणारी गलबते जुलैच्या सुमारास निघत, असे ‘पेरिप्लस’कार सांगतो. म्हणजे वारा पाठीशी असे आणि भारताच्या किनाऱ्याला लागेपर्यंत त्याचा कहर ओसरलेला असे. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल्‌-मसूदी चेऊल येथे आला, तेव्हा उत्तर कोकणात शिलाहार झंझ राज्य करीत होता. अंबरनाथचे शिल्पवैभव ज्या राज्यात उभे राहिले त्याच्या ठाणे, सोपारे, चेऊल या बंदरांतील जकातीचे उत्पन्न वाऱ्याच्या वार्षिक फेरपालटाशी बांधलेले होते. या अर्थाने पाहिले तर मघाशी सदोष ठरविलेला ‘व्यापारी वारे’ हा शब्द कोकणच्या इतिहासाला अनवधानाने लागू पडतो. आग्नेय व्यापारी वारेच वळून येथे आले होते.

लोकपरंपरेतील वेळापत्रकाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठी शेतकऱ्याचा पाऊस नक्षत्रांनी मोजला जातो: मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. पंचांगकर्ते प्रत्येक नक्षत्राला बेडूक, म्हैस, मोर, गाढव असे एखादे वाहनही देतात आणि त्यावरून पाऊसपाणी वर्तवितात. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा तो म्हातारा, हस्ताचा तो हत्तीचा. या परिभाषेत मृगाला अग्रमान आहे. सूर्य मृग नक्षत्रात ७ किंवा ८ जूनला प्रवेश करतो, आणि भारतीय हवामान विभागाने २०२० पासून स्वीकारलेल्या सरासरीनुसार मुंबईत मान्सून ११ जूनला पोचतो. मेळ इतका चांगला आहे की कोकणात ‘मिरग’ हा शब्दच पावसाच्या आरंभाचा वाचक झाला. आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांच्या निरीक्षणाने हा मेळ साधला, असे विधान भाषणांतूनच नव्हे, तर क्वचित अभ्यासपूर्ण म्हणविणाऱ्या लेखांतूनही आढळते.

हे विधान गणिताला टिकत नाही. पंचांगातील नक्षत्रे ताऱ्यांना बांधलेली, म्हणजे निरयन आहेत. ऋतू मात्र सूर्याच्या संपातसापेक्ष, म्हणजे सायन, स्थितीवर अवलंबून असतात. न्यूनदाबाचा पट्टा उत्तरेकडे येतो तो सूर्याची क्रांती उत्तरेकडे वाढते म्हणून. सूर्यामागे कोणता तारकापुंज आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. संपातबिंदू दर वर्षी सुमारे ५० विकलांनी मागे सरकतो, त्यामुळे नक्षत्रारंभ ऋतूच्या तुलनेने सुमारे ७१-७२ वर्षांत एक दिवस पुढे जातो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीने २१ मार्च १९५६ साठी अयनांश २३ अंश १५ कला असा स्वीकारला. त्यावरून मागे मोजल्यास १०६० च्या सुमारास अयनांश पावणेअकरा अंशांच्या आसपास येतो. आजच्या अयनांशाशी हा फरक सुमारे साडेतेरा अंशांचा, म्हणजे जूनच्या आरंभीच्या सूर्यगतीने दोन आठवड्यांचा, आहे. म्हणून मुम्मुणीच्या काळी मृगाचा सूर्य आजच्या ग्रेगरीय गणनेने २५ मेच्या सुमारास लागत असे. त्या सुमारास कोकणात वळीव पडतो, झड लागत नाही. पेरणी मृगावर करण्याचा सल्ला त्या काळच्या शेतकऱ्याला घातक ठरला असता. त्याच्या पावसाचा आरंभ आर्द्रेच्या जवळ होत असला पाहिजे.

असाच विचार नारळी पौर्णिमेविषयी करता येतो. श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पून कोळीबांधव नौका पाण्यात लोटतात. आज ही तिथी ऑगस्टच्या प्रारंभापासून महिनाअखेरीपर्यंत कोठेही येते, आणि तोवर समुद्र बराचसा निवळलेला असतो. शिलाहारकाळी ती जुलैच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत येत असली पाहिजे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला सांप्रत ३१ जुलैपर्यंत बंदी असते, ही गोष्ट येथे लक्षात घेण्यासारखी आहे. शिडाच्या होडीने जुलैअखेर समुद्रात शिरणे हे धाडसच होते. समुद्रपूजेचा विधी प्राचीन असू शकेल; परंतु समुद्र खुला होण्याचा दिवस म्हणून त्याला आज असलेली सार्थता अलीकडच्या काही शतकांतील आहे. आगोटीची बेगमी करण्याची रीत मात्र तिथीवर अवलंबून नाही. ती आभाळाकडे पाहूनच ठरत असली पाहिजे, आणि म्हणूनच तिच्या प्राचीनतेला या गणिताची बाधा येत नाही.

हा आक्षेप महाराष्ट्राला अपरिचित नव्हता, हे विशेष. वराहमिहिराने सहाव्या शतकातच नोंदविले होते की पूर्वी दक्षिणायनाचा आरंभ आश्लेषेच्या मध्यावर होत असे आणि आपल्या काळी तो कर्कारंभी होतो. लोकमान्य टिळकांनी १८९३ मधील ‘ओरायन’ या ग्रंथात वेदकालनिर्णयासाठी याच अयनचलनाचा आधार घेतला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला तो याच कारणास्तव: निरयन पद्धतीने चालल्यास सण ऋतूंपासून हळूहळू सुटत जातील. दीक्षितांचे मत लोकांनी स्वीकारले नाही. ज्या वर्षांत मृग आणि मान्सून एकमेकांच्या निकट होते त्याच वर्षांत ही सुधारणा मांडली गेली, हे तिच्या अपयशाचे एक कारण असावे. ज्याला आपले नक्षत्र पावसाशी जुळताना दिसते त्याला दुरुस्तीची निकड का भासावी? ज्या म्हणींत नक्षत्र आणि पाऊस यांची अचूक सांगड आढळते, त्यांचा काळ ठरविताना भाषेच्या अभ्यासकांनी हे प्रमाण अवश्य वापरावे. म्हणीतील शब्दरूप कितीही जुनाट दिसो, तिचा आशय ज्या शतकात खरा ठरतो त्यापलीकडे तिला नेणे धोक्याचे आहे.

नक्षत्रांऐवजी उपकरणांनी मोजमाप सुरू झाले ते एकोणिसाव्या शतकात. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये, आणि लगेचच १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने त्याच्यापुढे पूर्वानुमानाचा प्रश्न टाकला. १९०४ ते १९२४ या काळात विभागाचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर हे मूळचे गणिती. जगभरच्या दाबांच्या नोंदी ताडून पाहताना त्यांना आढळले की पॅसिफिकवर दाब वाढतो तेव्हा हिंदी महासागरावर तो घटतो, आणि उलटही होते. या हेलकाव्याचा पॅसिफिकमधील व्यापारी वाऱ्यांशी व एल निनोशी असलेला संबंध १९६९ मध्ये ब्यर्कनेस यांनी स्पष्ट केला. व्यापारी वारे तेथे दुर्बळ झाले की उष्ण पाणी पूर्वेकडे सरकते, मेघांचे ठाणे त्याच्या मागोमाग जाते आणि भारतावर अवर्षणाचे सावट येते. महाराष्ट्राने १९७२ मध्ये याचा अनुभव घेतला. नियम निरपवाद नाही. १९९७ मध्ये एल निनो प्रबळ असूनही भारतात पाऊस सरासरीच्या आसपास झाला.

ऋतूचे मान आणि एका दिवसाचे मान यांत किती अंतर असते ते उल्हास खोऱ्याने अनुभवले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच अवधीत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नाही. न्यूनदाबाचा पट्टा, अरबी समुद्रावरचा प्रवाह, सह्याद्री ही सर्व कारणे दोन्ही ठिकाणी समान होती. भेद घडविला तो काही किलोमीटर व्याप्तीच्या मेघसमूहाने. त्या पुरात उल्हासनगर, बदलापूर व कल्याणचा परिसर पाण्याखाली गेला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली व सुमारे एक हजार प्रवाशांना नौकांतून बाहेर काढावे लागले. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या उल्हासनगराला १९४९ मध्ये नदीचेच नाव देण्यात आले, आणि उल्हास व वालधुनी यांच्या पूरभूमीवर त्यानंतर वस्ती दाटत गेली. शिलाहारांच्या स्थपतींनी गाभारा जमिनीखाली नेला तेव्हा नदीची पातळी त्यांच्या हिशेबात असलीच पाहिजे. ज्या श्रावणाचा त्या शिलालेखात उल्लेख आहे तो, पंचांग आणि ऋतू यांत पडलेले अंतर लक्षात घेता, आजच्या श्रावणापेक्षा पंधरवड्याने अलीकडचा, ऐन पावसातला होता. आणि तेव्हाही वालधुनी मंदिराच्या पायथ्याशी भरूनच वाहत असणार.